पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर?

परवा सकाळी शेजारचे एक गृहस्थ रक्ततपासणीचा कागद घेऊन दारात उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. “डॉक्टर, पांढऱ्या पेशी अवघ्या ३,२००! कर्करोग तर नाही ना?”

मी त्यांना आधी बसवले, चहा दिला आणि विचारले, “मागच्या आठवड्यात ताप होता ना?” होता, डेंगीचा. मग कोडे सुटलेच. पुष्कळशा विषाणूंच्या तापांत, तसेच विषमज्वरातही, या पेशी काही दिवस घटतात. प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा गृहस्थांचा आकडा ५,००० च्या वर गेला होता.

वाचकहो, नुसत्या एकूण आकड्याला भिऊ नका. त्यात न्यूट्रोफिल किती, ते पाहा. जंतूंशी पहिली झुंज घेणारे शिपाई तेच. एकूण ३,२०० पैकी शेकडा ६० न्यूट्रोफिल, म्हणजे १,९२० झाले. १,५०० च्या वर असले, तर सहसा घोर नसतो.

पेशी घटण्याची कारणे अनेक. ब-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक ॲसिड कमी पडले, की अस्थिमज्जेतला कारखाना मंदावतो. (या फॉलिक ॲसिडच्या शोधाचा धागा आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली येथे आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गिरणी कामगार गर्भवतींच्या पांडुरोगावर यीस्टच्या अर्काचा गुण दाखवून दिला.) पाणथरी वाढली, तर ती पेशी अडवून ठेवते. काही आजारांत शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटते. क्वचित दोष अस्थिमज्जेचाच असतो. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही सोबत उतरले असतील, वजन घटत असेल, तर तपास लांबणीवर टाकू नये.

आणि एक कारण आपल्याच औषधाच्या डबीत असते. काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत एका सूनबाईंचा घसा धरला. “चकल्या तळताना तेलाचा धूर लागला असेल,” असे सासूबाई म्हणाल्या. हळद-दुधावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ताप १०३ वर गेला, तोंडात फोड आले. त्या थायरॉईडसाठी कार्बिमाझोलच्या गोळ्या घेत होत्या, हे कोणाच्या लक्षातच नव्हते. न्यूट्रोफिल जेमतेम २०० उरले होते! गोळ्या थांबवल्या, रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविके दिली, म्हणून त्या वाचल्या. तुळशीच्या लग्नाला त्या घरी होत्या. पण आणखी एक दिवस गेला असता तर?

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. कार्बिमाझोल घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्त तपासावे. कर्करोगावरील औषधे चालू असताना १००.४ अंश ताप दिसला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढेसुद्धा पिशवीत घालून न्यावेत.

कागदावरच्या आकड्याने घाबरू नये. पण आकडा कमी आणि अंगात ताप, ही जोडी दिसली की फराळाचे ताट बाजूला सारून उठावे.