‘पुरे’ म्हणणारा रेणू

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू राहतात. त्यांच्या पेशीत ‘जीसीव्हीबी’ नावाचा आरएनएचा एक छोटा रेणू असतो, सुमारे 200 अक्षरे लांबीचा. आरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप, असे आम्ही शाळेत शिकलो. हा रेणू मात्र स्वतः कोणतेही प्रथिन बनवत नाही. तो दुसऱ्यांचे निरोप अडवतो.

पेशीत ग्लायसीन हे अमिनो आम्ल मुबलक झाले की हा रेणू भराभर तयार होतो. बाहेरून अमिनो आम्ले आणि पेप्टाइडे आत आणणाऱ्या वाहक प्रथिनांचे निरोप तो गाठतो आणि आपली अक्षरे त्यांच्या अक्षरांशी जुळवून चिकटतो. या कामी ‘एचएफक्यू’ नावाचे प्रथिन त्याला मदत करते. मग रायबोसोमला निरोप वाचायला जागाच मिळत नाही आणि नवी वाहक प्रथिने बनणे मंदावते. घरात भरपूर असताना बाजारहाटावर शक्ती कशाला घालवायची! अन्नातून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेलातही हाच रेणू हेच काम करतो.

विज्ञानाचा प्रत्येक शोध ओढूनताणून दीनशी जोडणे आम्हाला पटत नाही. जिवाणूला ना अक्कल, ना हिशेबाचा दिवस. आपल्याला दोन्ही आहेत. इसराफ म्हणजे काय, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तरी वलीम्यानंतर उष्ट्या बिर्याणीचे ढीग उचलावे लागतात. पुढच्या दावतीचा अंदाज काढताना ‘पुरे’ कोण म्हणणार, हे आपण घरातच ठरवू या.