कात्री, पलिता आणि कॅमेरा

पन्हाळ्यानजीकच्या मसाई पठारावर मार्च २०१७ मध्ये एका रात्री अज्ञात जमावाने संजय लीला भन्साळी यांच्या 'पद्मावती' या चित्रपटाचा सेट पेटवून दिला. चित्रपट तेव्हा पूर्णही झालेला नव्हता. तो पाहून कोणी संतापला असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे सेन्सॉर मंडळाने सुचवलेले बदल स्वीकारून आणि 'पद्मावत' असे नाव धारण करून तो जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यासाठीही निर्मात्यांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, कारण प्रमाणपत्र मिळाल्यावरही काही राज्यांनी बंदीचा पवित्रा घेतला होता.

नाव बदलून चित्रपट वाचवण्याची वेळ कोल्हापूरने त्यापूर्वीही पाहिली होती. १९२९ मध्ये येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने शिवचरित्रावर काढलेल्या मूकपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते. 'स्वराज्य' हा शब्द ब्रिटिश सेन्सॉरला खुपला आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने पडद्यावर आला. दोन्ही प्रसंगांत जवळजवळ नऊ दशकांचे अंतर आहे. त्या काळात राज्यकर्ते बदलले, देशाला राज्यघटना मिळाली, अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा मूलभूत हक्क ठरला. तरीही कॅमेऱ्याने काय टिपावे आणि लोकांनी काय पाहावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कोल्हापुरात आजही धुमसतो आहे. बदलले आहे ते एवढेच, की पूर्वी हा अधिकार गाजवणारा कोण हे ठाऊक असे. आता ते अनेकदा कळतही नाही.

मराठी चित्रसृष्टीचा आणि सेन्सॉरचा संबंध या शहराइतका जुना क्वचितच कुठे असेल. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत उतरले होते, की ते वगळण्याचा हुकूम निघाला. कारण म्हणून दृश्याच्या भीषणतेकडे बोट दाखवले गेले. परंतु कीचक हे नाव सरकारच्या कानाला नवे नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' नाटकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला होता आणि १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली होती. एकाच पौराणिक कथेला रंगभूमीवर आणि पडद्यावर दोनदा कात्री लागली. दोन्ही वेळी कथा खरी की खोटी, चांगली की वाईट, हा मुद्दा नव्हता. ती पाहून समोरची गर्दी काय करील, ही धास्ती होती.

ही धास्ती स्वातंत्र्यानंतर संपली नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'चार शहर एक कहानी' या लघुपटात मुंबईतील वेश्यावस्तीचे चित्रण केले आणि सेन्सॉरशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७० च्या निकालात न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनासंमत ठरवली. चलच्चित्राचा मनावर होणारा परिणाम छापील शब्दापेक्षा तीव्र असतो, हा त्यामागचा युक्तिवाद होता. मात्र त्याच निकालाने निकष सुस्पष्ट असावेत आणि कलेच्या मूल्याचा विचार व्हावा, असेही बजावले. सरकारी कात्री कितीही जाचक असली तरी तिच्यामागे आदेश असतो, आदेशाखाली सही असते आणि त्या सहीविरुद्ध अपील करता येते. अब्बास हरले, पण त्यांना निदान कोणाशी भांडायचे हे माहीत होते.

पलित्याला सही नसते. कोल्हापूरला हा अनुभवही जुनाच आहे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. कोणत्या चौकटीवर आक्षेप होता, हे विचारायला तिथे कोणी उरले नव्हते. मसाई पठारावरील आगीबाबतही तेच म्हणता येईल. जमावाच्या सेन्सॉरशिपला नियमावली नसते, सुनावणी नसते आणि अपिलाची मुदतही नसते.

अशा वेळी राज्यसंस्थेचे कर्तव्य काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच एस. रंगराजन खटल्यात दिले आहे. निदर्शनांची वा हिंसाचाराची धमकी मिळाली म्हणून अभिव्यक्ती दडपता येणार नाही. विरोधी जमावाला आवरणे आपल्याला जमत नाही, अशी सबब सरकारला सांगता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तत्त्व निःसंदिग्ध आहे. व्यवहारात मात्र जमाव आला की बहुधा कॅमेराच बाजूला व्हायला सांगितला जातो.

चित्रपटाच्या पाठीशी निदान निर्माता, वकील आणि प्रमाणपत्र असते. रस्त्यावर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराजवळ यांपैकी काहीच नसते. वृत्तछायाचित्रांसाठी पूर्वतपासणीचा कायदा आज अस्तित्वात नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण लादले गेले. ते अपवाद म्हणून इतिहासात नोंदले गेले आहे. सार्वजनिक जागी घडणारी घटना टिपणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. शासकीय गुपिते कायद्याखालील प्रतिबंधित ठिकाणे किंवा विमानतळासारख्या जागा यांचे नियम वेगळे आहेत. बाकी छायाचित्रकाराचे स्वातंत्र्य घटनेच्या एकोणिसाव्या कलमातूनच येते, म्हणजे ते कोणाही नागरिकाच्या स्वातंत्र्याहून अधिक नाही आणि कमीही नाही. म्हणूनच दंगलीत किंवा मोर्चात छायाचित्रकाराचा कॅमेरा हिसकावला जातो, टिपलेली दृश्ये दमदाटीने पुसायला लावली जातात, तेव्हा तो केवळ एका पेशाचा प्रश्न राहत नाही. पुरावा म्हणून वस्तू जप्त करायची तर पोलिसांना पंचनामा करावा लागतो; चित्र पुसून टाका, असे फर्मावण्याला कायद्याचा आधार नाही.

महाराष्ट्राने एप्रिल २०१७ मध्ये, मसाई पठारावरील आगीनंतर काही आठवड्यांतच, पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे सोपवला आहे. कायदा स्वागतार्ह आहे. परंतु प्रसारमाध्यमाच्या नोकरीत वा करारावर नसलेला, केवळ मोबाइल हाती घेऊन उभा असलेला नागरिक त्याच्या छत्राबाहेर राहतो. आज अनेक घटनांचे पहिले छायाचित्र तोच टिपतो.

या सगळ्यात तिसरा आणि सर्वांत नवा पहारेकरी आला आहे, तो म्हणजे इंटरनेट बंदी. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील काही आक्षेपार्ह स्टेटसच्या निषेधार्थ कोल्हापूर बंदची हाक देण्यात आली. छत्रपती शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि अश्रुधुराचा वापर केला. पाठोपाठ जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले. प्रशासनाची अडचण समजण्यासारखी होती. चिथावणीखोर चित्र मिनिटांत हजारोंपर्यंत पोचते, त्यामागे धावणे पोलिसांना अशक्य असते. पण या उपायाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या वाटेने अफवा येते, त्याच वाटेने तिचे खंडन येते. अमुक पेठेत प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, अशी वावडी उठली तर तिथे सारे शांत असल्याचे छायाचित्र हाच तिच्यावरचा सर्वांत जलद उतारा असतो. बंदीत तो उतारा कॅमेऱ्यातच अडकतो आणि वावडी मात्र तोंडोतोंडी फिरत राहते. कात्री निदान एखादे दृश्य कापत होती. इंटरनेट बंदी खरे आणि खोटे यांत फरकच करत नाही.

अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अशा बंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, बंदी तात्पुरती आणि गरजेच्या प्रमाणातच असली पाहिजे, असे स्पष्ट केले. २०२४ च्या नव्या नियमांनीही सकारण आदेश प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. न्यायालयाने येथे मागितली आहे ती सहीच आहे: कोणी, कशासाठी, किती काळ बंद केले, हे नागरिकाला वाचता यावे आणि त्याला त्यावर दाद मागता यावी.

छायाचित्राचे मोल शासनालाही ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर या वृत्तछायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन टिपलेली दृश्ये कसाबविरुद्धच्या खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण पोलिसांवरच बंधनकारक केले आहे. न्यायासाठी कॅमेरा हवा, हे ज्या राज्यसंस्थेने कायद्यात लिहिले, तिनेच रस्त्यावरच्या नागरिकाचा कॅमेरा संशयाने पाहावा, यात विसंगती आहे.

अर्थात कॅमेऱ्याचे स्वातंत्र्य म्हणजे छायाचित्रकाराला मोकळे रान नव्हे. २००२ च्या गुजरात दंगलीत हात जोडून जिवाची याचना करणाऱ्या अहमदाबादच्या शिंप्याचे छायाचित्र जगभर पोचले. त्याने दंगलीचे भीषण सत्य सांगितले. पण त्या चेहऱ्याच्या माणसाला त्या प्रसिद्धीपायी नोकऱ्या गमवाव्या लागल्या आणि गाव सोडावे लागले. त्याचे छायाचित्र पुढे कोणी कोणत्या कारणासाठी वापरावे, हे त्याच्या हाती राहिले नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला आहे. पीडितेची ओळख, बालकाचा चेहरा, शोकाकुल घराचा उंबरठा या ठिकाणी छायाचित्रकाराने स्वतःहून थांबायला हवे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य चित्रबद्ध केले, तेव्हा त्यांच्यात वावरून, त्यांचा विश्वास संपादन करून केले. समोरच्याचा सन्मान राखूनही अप्रिय सत्य दाखवता येते, याचा तो दाखला आहे. असा संयम छायाचित्रकाराच्या विवेकातून येतो. भीतीपोटी केलेल्या काटछाटीला संयम म्हणता येत नाही.

आज खरी चिंता या काटछाटीचीच आहे. सेट जळू शकतो, कॅमेरा फुटू शकतो, गुन्हा दाखल होऊ शकतो, हे उमगलेला माणूस पुढच्या वेळी बटण दाबतच नाही. न टिपलेल्या छायाचित्रावर कोणतेही न्यायालय निकाल देऊ शकत नाही, आणि ते कुठल्या आकडेवारीतही येत नाही. कोल्हापूरला कलापूर म्हणून मिरवायचे असेल तर जमावासमोर कॅमेऱ्याला संरक्षण देणे, बंदीचा प्रत्येक आदेश कारणांसह जाहीर करणे आणि पठारावरील आगीसारख्या गुन्ह्यांचा छडा लावणे, ही किमान अपेक्षा येथील प्रशासनाकडून बाळगावी लागेल. बाबूराव पेंटरांना कात्री कोणाची हे ठाऊक होते. त्यांच्या शहरातील आजच्या छायाचित्रकाराला तेवढे तरी कळले पाहिजे.