शीड, वल्हे आणि आपली भाषा

अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकाच्या जहाजावरून घडविलेले नौदलाचे 'कौंडिण्य' हे गलबत डिसेंबर २०२५मध्ये पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, इंजिन नाही. सारी भिस्त शिडांवर. या प्रवासाला मराठीत काय म्हणावे? आपण सरसकट म्हणतो, 'नौकानयन'.

पण २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघातील दत्तू भोकनळ हेही आपल्या लेखी नौकानयनपटूच! ते वल्हे मारतात, तेही जायच्या दिशेला पाठ करून. उलट २००९-१०मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दिलीप दोंदे यांना वाऱ्याचा रोख ओळखून शीड फिरवावे लागले. एकाचे बळ दंडात, दुसऱ्याचे वाऱ्याशी जुळवून घेण्यात. दोघांना एकच शब्द पुरेल काय?

'नयन' म्हणजे नेणे. नाव कशाच्या बळावर न्यायची, हे त्यात नाही. ते सांगणारी शीड उभारणे, तारू हाकारणे, वल्हवणे ही क्रियापदे मराठीत होती आणि आहेत. कोकणच्या होड्यांना यंत्रे बसली, तसे शीड व्यवहारातून गेले. शब्दही त्यामागोमाग चालले आहेत. 'सुकाणू समिती'पुरते सुकाणू मात्र उरले आहे.

शब्दांचा अभिमान डोळस हवा. 'नेव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'वरून आला, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. संस्कृत 'नौ' आणि लॅटिन 'नाविस' ही एकाच कुळातील भावंडे आहेत. कुणी कुणाचे अपत्य नव्हे. 'आरमार' शब्द तर पोर्तुगिजांकडून आलेला. कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश ज्या शिवछत्रपतींनी करविला, त्यांच्याच सागरी दलाचे नाव आज आपण याच शब्दाने अभिमानाने घेतो. त्याने त्या दलाचे तेज उणावले नाही. आणि तारू, तारिणी, तीर्थ, अवतार हे एकाच 'तॄ' धातूचे वैभव असताना खोट्या व्युत्पत्तीची गरजच काय?

करायचे आहे ते साधे आहे. वृत्तपत्रांनी आणि पाठ्यपुस्तकांनी 'शिडाचे नौकानयन' व 'वल्ह्यांचे नौकानयन' असा भेद पाळावा. किनाऱ्यावरच्या वृद्ध तांडेलांच्या तोंडचे शब्द वेळीच टिपून घ्यावेत. शिवलेले गलबत पुन्हा बांधता आले, कारण त्याचे चित्र उरले होते. बोलल्या शब्दाचे चित्र भिंतीवर उरत नाही.