आयत्या वेळचे विषय

आपल्याकडील कोणत्याही संस्थेच्या वा कंपनीच्या संचालक मंडळाची विषयपत्रिका उघडून पाहावी. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे या निरुपद्रवी विषयाने तिचा आरंभ होतो, आणि ‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या तितक्याच निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीने तिची अखेर होते. पहिल्या आठ-दहा विषयांवर, म्हणजे शाखेच्या रंगरंगोटीवर, शिपायाच्या पगारवाढीवर आणि वर्धापनदिनाच्या भेटवस्तूंवर, मंडळी हिरीरीने बोलतात. चहाचा दुसरा फेरा होतो, घड्याळाकडे नजरा वळू लागतात, ज्यांना बोरिवली किंवा मुलुंडची गाडी धरायची आहे ते चष्मा खिशात ठेवतात, आणि नेमक्या त्या घटकेस व्यवस्थापकीय संचालक एक जाडजूड फाइल पुढे सरकवून, कर्ज जुन्या आणि विश्वासू पक्षकाराचे असून निर्णय तातडीने हवा आहे, असे नम्रपणे सुचवतात. सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, आणि ‘सर्वानुमते मंजूर’ ही दोन शब्दांची मोहोर त्या ठरावावर उठते. मोठमोठ्या संस्था बुडतात त्या दरोड्याने क्वचित. या दोन शब्दांनी मात्र पुष्कळ बुडाल्या आहेत.

मुंबईच्या उपनगरांस याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. 1984 साली शीव येथील एका शाखेने आरंभ केलेली आणि पुढे सहा-सात राज्यांत 137 शाखांपर्यंत विस्तारलेली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक भांडुपहून आपला कारभार चालवीत होती. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, आणि दुसऱ्या दिवशी खातेदारांस कळले की पुढील सहा महिन्यांत आपल्याच खात्यातून आपणास अवघे 1,000 रुपये काढता येतील. ठेवी होत्या सुमारे 11,600 कोटींच्या. एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे 6,500 कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. आणि ही थकबाकी तपासनिसांच्या दृष्टीस पडू नये म्हणून एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती कागदोपत्री उभी केल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी ठेवला. बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच समूहाच्या कंपनीचे संचालक होते. बँकेचे मुख्यालय भांडुपच्या ज्या ड्रीम्स मॉलमध्ये होते, तो मॉलही त्याच समूहाने बांधलेला. खटले न्यायप्रविष्ट आहेत. सबब कोणाचे अपराधित्व ठरवणे हे या लेखाचे काम नव्हे. माझा प्रश्न ज्यांनी अपहार केला त्यांच्याविषयी नाही. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्याविषयी आहे. सर्वांत मोठ्या कर्जदाराने बांधलेल्या वास्तूत दरमहा सभेस जाणाऱ्या, जिना चढताना त्या कर्जदाराच्या उद्योगाचा विस्तार प्रत्यक्ष पाहणाऱ्या संचालकांपैकी एकाने तरी, ‘या समूहाकडे आपले एकूण येणे किती?’ हा सहा शब्दांचा प्रश्न विचारून त्याचे लेखी उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतले असते, तर ती बनावट खाती चालवणाऱ्यांस निदान त्या संचालकाशी उघड खोटे बोलावे लागले असते.

सहकारी बँकेच्या संचालकास कंपनी कायदा लागू नसतो, त्याचा कायदा निराळा, हे मला ठाऊक आहे. परंतु परक्याच्या द्रव्याचा विश्वस्त या नात्याने त्याच्यावर येणारे कर्तव्य तत्त्वतः निराळे नाही, आणि ते कर्तव्य आपल्या विधिमंडळांनी सर्वांत स्वच्छ शब्दांत कोठे लिहिले असेल तर ते 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 166 मध्ये. संचालकाने सद्भावनेने वागावे, आणि ते केवळ भागधारकांच्याच नव्हे तर कर्मचारी, समाज व पर्यावरण यांच्याही हितास जपून. योग्य ती काळजी, कौशल्य व तत्परता यांनी काम करावे आणि निर्णय स्वतःच्या बुद्धीने घ्यावा. जेथे आपला स्वार्थ कंपनीच्या हिताशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भिडतो तेथे पडू नये. स्वतःस, नातलगांस वा भागीदारांस गैरवाजवी लाभ करून घेऊ नये आणि घेतल्यास तेवढी रक्कम कंपनीस भरून द्यावी. आपले पद दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये. कसूर झाल्यास 1 लाख ते 5 लाख रुपये दंड. दंड किरकोळ आहे, हे खरेच. पण कपट सिद्ध झाल्यास कलम 447 खाली दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. या सर्व कलमात माझ्या मते कळीची शर्त एकच: निर्णय स्वतःच्या बुद्धीने घेण्याची. बाकीच्या शर्ती प्रामाणिक माणूस स्वभावतःच पाळतो. ही शर्त मात्र प्रामाणिक माणूसच अधिक वेळा मोडतो, कारण अध्यक्षांवरचा त्याचा विश्वास त्यास प्रश्न विचारू देत नाही.

कायदा येथवर सहज आलेला नाही. 1892 साली इंग्लंडच्या न्यायालयापुढे कार्डिफ सेव्हिंग्ज बँकेचे प्रकरण आले. तिचा अध्यक्ष मार्क्विस ऑफ ब्यूट हा वारसाहक्काने वयाच्या सहाव्या महिन्यात त्या पदावर बसला होता आणि उभ्या आयुष्यात एकाच सभेस हजर राहिला होता. न्यायालयाने त्यास जबाबदारीतून मुक्त केले. सभेस न येणे हे कर्तव्य टाळणे नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय. पाळण्यातील अध्यक्षाचा तो काळ आता गेला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली सुप्रीम बँक लिमिटेडच्या प्रकरणी सांगितले की जो संचालक दीर्घकाळ कारभाराशी निकट राहिला, त्याच्यावर अप्रामाणिकपणाचे विवक्षित कृत्य शाबीत झाले नाही तरी तो जबाबदार ठरू शकतो. वरवर पाहणाऱ्यासही जे दिसावे त्याकडे त्यास डोळे मिटून बसता येणार नाही. आणि आजच्या कायद्यानुसार बारा महिन्यांत एकाही सभेस न आलेल्या संचालकाचे पद आपोआप रिक्त होते. येऊन गप्प बसणाऱ्याचे मात्र होत नाही.

यावर संचालक मंडळींची एक कैफियत असते, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. ‘आम्ही महिन्यातून एकदा येणारे, ज्यांच्या हाती दफ्तर आहे त्यांनीच ते खोटे लिहिले, लेखापरीक्षकांस सापडले नाही, तर आम्हांस कसे सापडावे?’ या म्हणण्यात तथ्य आहे. कायद्यानेही ते मानले आहे: स्वतंत्र संचालकास मंडळाच्या कामकाजातून ज्याची जाणीव झाली, ज्यास त्याने संमती दिली, अथवा जेथे त्याने तत्परता दाखविली नाही, तेवढ्याच गोष्टींसाठी तो जबाबदार धरला जातो. उलटपक्षी सरकारची लाठी कधीकधी भलत्याच पाठीवर पडते, हेही कबूल केले पाहिजे. विवरणपत्रे सलग तीन वर्षे सादर न केल्याच्या कारणाने 2017 साली तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले, त्यांत लबाडांपेक्षा आळशीच अधिक असावेत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील, घाटकोपरच्या गल्लीतील, मुलुंडच्या एखाद्या गाळ्यातील खासगी कंपन्या आठवाव्यात: दोन संचालक हवेत म्हणून पती-पत्नी संचालक होतात, सीए साहेबांचा माणूस कागद घेऊन घरी येतो, ‘वहिनी, इथे आणि इथे सही’ म्हणून बोट ठेवतो, आणि वहिनी कुकरची तिसरी शिटी होण्याच्या आत पाच सह्या करून मोकळ्या होतात. त्या सह्यांनी आपण पाच वर्षे कोणत्याही कंपनीत संचालक होण्यास अपात्र ठरू शकतो, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. सांगितले पाहिजे, सही करणाऱ्याने विचारलेही पाहिजे.

पण मोठ्या संस्थांच्या मंडळांस ही सबब पुरत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील आयएल अँड एफएस या कंपनीचे उदाहरण घ्यावे. भागधारकांत आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक यांसारख्या संस्था, मंडळावर नामांकित मंडळी, आणि डोक्यावर सुमारे 91,000 कोटींचे कर्ज. तरीही तिची जोखीम व्यवस्थापन समिती 2015 ते 2018 या काळात एकदाच भरल्याचे पुढे उघडकीस आले. 1 ऑक्टोबर 2018 रोजी सरकारने ते मंडळच दूर केले. समितीची सभा भरली की नाही हे जाणण्यास लेखापरीक्षकाची विद्या लागत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. 2025 च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवी व गोरेगाव येथील तिजोऱ्यांतून 122 कोटींची रोकड गेल्याची फिर्याद झाली, तेव्हाही प्रश्न तोच होता: ताळेबंदात दिसणारी हजर रोकड तिजोरीत खरोखर आहे काय, याची रुजवात अचानक करून घ्या, असे मंडळावरील कोणी शेवटचे कधी म्हटले होते?

म्हणून माझे मत असे की सुधारणेचा आरंभ नव्या कायद्यांनी नव्हे तर विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीवर काट मारून करावा. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी हा कंपन्यांसाठी नियम आहेच. कर्जमंजुरी, संबंधित पक्षाशी करार, मालमत्तेची विक्री हे विषय टिपणाशिवाय आणि वाचण्यास वेळ दिल्याशिवाय सभेपुढे येऊच नयेत, आणि आले तर एका संचालकाच्या मागणीवरही ते तहकूब व्हावेत. दुसरी गोष्ट भिन्नमताची. आपल्याकडे विरोध नोंदविणे म्हणजे अध्यक्षांचा उपमर्द, असा समज रुजला आहे. परंतु स्वतंत्र संचालकांच्या आचारसंहितेत, शंकेचे निरसन न झाल्यास ती इतिवृत्तात नोंदविण्याचा आग्रह धरावा, असे स्पष्ट लिहिले आहे. हिशेब समितीने लेखापरीक्षकांस वर्षातून एकदा तरी व्यवस्थापकांच्या गैरहजेरीत भेटावे. खुर्चीवरील माणूस उठून गेला की पुष्कळ गोष्टी बोलल्या जातात. आणि राजीनामा द्यायचाच तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ हा मुखवटा न घालता द्यावा: राजीनाम्याची प्रत कारणांसह कंपनी निबंधकाकडे धाडण्याची मुभा कायद्याने दिली आहे, आणि राजीनामा दिल्याने आपल्या कारकिर्दीतील अपराधांची जबाबदारी टळत नाही, हेही त्याच कलमात सांगून ठेवले आहे.

भांडुपच्या त्या बँकेनंतर सरकारने काहीच केले नाही असे नाही. ठेवविम्याची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून 1 लाखावरून 5 लाखांवर गेली, सहकारी बँकांच्या मंडळांवर रिझर्व्ह बँकेचा अंमल 2020 च्या दुरुस्तीने वाढला, 100 कोटी व त्यांहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांस तज्ज्ञांचे व्यवस्थापन मंडळ नेमणे भाग पडले. खुद्द ती बँक 25 जानेवारी 2022 रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. 5 लाखांपर्यंतची रक्कम ठेवीदारांस मिळाली, त्यावरील रकमेसाठी व्यक्तींस दहा वर्षांपर्यंतची मुदत घालून दिली गेली. निवृत्तीचा पैसा ज्याने साठाव्या वर्षी ठेवला, त्याच्या हिशेबी ही मुदत किती लांबची आहे, हे सांगावयास नको.

राहता राहिला वाचक, जो स्वतः भागधारक किंवा सभासद असतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेस जातो तो बहुधा अल्पोपाहारासाठी. 31 मार्चला वर्ष संपणाऱ्या संस्थांच्या या सभा नेमाने 30 सप्टेंबरपर्यंत होतात. अहवाल हाती आला की प्रथम संचालकांची छायाचित्रे नव्हे, त्यांच्या उपस्थितीचा तक्ता पाहावा, आणि तो नसेल तर मागावा. संचालकांचे हितसंबंध असलेल्या संस्थांशी झालेल्या व्यवहारांचे पान वाचावे. लेखापरीक्षकाने शेरा मारला असेल तर त्यास मंडळाने काय उत्तर दिले ते अध्यक्षांस उभे राहून विचारावे, आणि उत्तर तोंडी मिळाले तर ते इतिवृत्तात घ्या, असे त्याच सभेत म्हणावे.