इलेक्ट्रिक गाडीची खटखट: आवाज सापडतो, दुरुस्ती कुठे अडते?

पेट्रोलच्या गाडीत इंजिन इतकं बोलत असतं की बाकीचे बारीकसारीक आवाज त्याखाली दबून जातात. इलेक्ट्रिक गाडीला ते पांघरूण नाही. एखादा नट अर्धा फेरा सैल झाला तरी ऐकू येतो. म्हणूनच ई-स्कूटर घेतलेले मित्र मला सारखं एकच विचारतात, "गाडी मस्त पळतेय, पण खालून खटखट येतेय. काय असेल?"

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. आवाज कुठून येतो, हे बऱ्याचदा तुम्ही घरच्या घरी शोधू शकता. तो थांबवणार कोण, हा मात्र कायद्याचा आणि धोरणाचा प्रश्न आहे. आज दोन्ही बघू.

आधी आवाज नीट ऐका

आम्हा सोलापूरकरांना हे काम नवीन नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर माग खोलायच्या आधी कान लावतो. माग तर खटखट करणारच; त्याला ऐकायचा असतो तालाबाहेर पडलेला ठोका. गाडीचंही तसंच आहे. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी येतो, ते महत्त्वाचं.

मागे मित्राला बसवा, त्याच्या हातात फोन द्या, रेकॉर्डिंग सुरू करा आणि ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारा. मग हे तपासा:

- फक्त खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर येतो: शॉकअप, त्याचे बुश किंवा हँडलखालचा कोनसेट. सीटखालचं सामान आणि सैल फायबर आधी बघून घ्या.
- फक्त ब्रेक मारल्यावर येतो: कोनसेट सैल असेल किंवा ब्रेक कॅलिपर हलत असेल.
- थांबलेली गाडी उचलताना एकदाच "खट" होतं: मागच्या चाकाचा ॲक्सल नट, स्विंगआर्मचा बुश, किंवा बेल्ट-चेन असेल तर तिचा ताण.
- वेग वाढला की ठोकेही वाढतात: फिरणारा भाग. चाक, टायर, बेरिंग किंवा डिस्क.

शेवटच्या प्रकारात थोडं गणित कामाला येतं. १२ इंची रिमवर ९०/९० टायर असेल तर चाकाचा घेर साधारण १.४७ मीटर भरतो. ताशी २० किलोमीटर वेगाला असं चाक सेकंदाला जवळपास ४ फेरे मारतं. रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ४ ठोके मोजले, तर प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतोय. म्हणजे टायरला फुगवटा, वाकलेली डिस्क किंवा टायरमध्ये रुतलेला खिळा. ठोके त्याहून बरेच जास्त किंवा अनियमित असतील तर बेरिंगकडे संशय जातो.

आता हाताने तपासा

गाडी बंद करा, चावी काढा, मेन स्टँडवर लावा. पुढचं चाक अधांतरी करून शॉकअपचे खालचे टोक दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढा. हँडलपाशी "टक" जाणवलं तर कोनसेट. मग चाक वर-खाली धरून आडवं हलवा. चाक ॲक्सलवर डुगडुगलं तर बेरिंग.

मागच्या चाकातच मोटर असेल तर ते हाताने फिरवताना हलके टप्पे जाणवतील. ते आतल्या चुंबकांचे असतात, तो दोष नाही. पण चाक विचित्र जड जात असेल तर मोटरची वायर किंवा कंट्रोलर शॉर्ट असू शकतो. आणि सुरुवातीला गाडी अडखळत, थरथरत उचलत असेल तर चाकाची जागा कंट्रोलरला सांगणारा हॉल सेन्सर बिघडल्याची शक्यता असते. ही खडखड यांत्रिक वाटते, पण मूळ इलेक्ट्रिकल असतं.

बेरिंग गेलंय असं ठरलं तर त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. हा नंबर जगभर एकच. कुठल्याही बेरिंगच्या दुकानात सांगा, मिळेल.

दोन ठिकाणी मात्र थांबायचं. बॅटरी पॅक उघडायचा नाही. आणि मोटरच्या चाकाचा ॲक्सल नट सैल दिसला तर गाडी चालवत न्यायची नाही. मोटरच्या वायरी बहुतेक त्या ॲक्सलमधूनच बाहेर येतात. ॲक्सल जागेवर फिरला तर वायरी पिळून तुटतात.

रीलवरची एकचाकी का वेगळी?

एका चाकावर उभं राहून सुसाट जाणारी इलेक्ट्रिक युनिसायकल तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल. तिच्यातही खटखट होते. कारणं ओळखीचीच: पायदानाची सैल पिन, ॲक्सलचे बोल्ट, बेरिंग किंवा आत हलणारा बॅटरीचा डबा. शोधायची पद्धतही तीच. फरक परिणामांत आहे. स्कूटरची मोटर बंद पडली तर गाडी हळूहळू थांबते. युनिसायकलमध्ये तोल सांभाळायचं कामच मोटर करते. सेन्सर तुमचा झुकाव मोजतो आणि चाक तुमच्या पायाखाली पळवतो. मोटर थांबली की माणूस तोंडावर. त्यामुळे तिथे खटखट आली की आधी उतरायचं, मग कारण शोधायचं.

शिवाय आपल्याकडे नोंदणीची सूट फक्त २५० वॅटच्या आतल्या मोटरच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या वाहनांना आहे. रीलमधल्या बहुतेक युनिसायकली याच्या कितीतरी पुढे आहेत. प्रकार-मंजुरी नाही, म्हणून नंबर नाही, विमा नाही. सर्व्हिस सेंटरचा तर प्रश्नच नाही. चालवायची तर खासगी मैदानात.

सापडलं, पण दुरुस्त करणार कोण?

युनिसायकलला सर्व्हिस सेंटर नाही हे समजू शकतं. पण नंबर, विमा, वॉरंटी सगळं असलेल्या स्कूटरचंही काय होतं, ते बघा.

मी जुळे सोलापुरात राहतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा जेवणाची डिलिव्हरी करतो. ब्रेक मारला की त्याच्या स्कूटरच्या हँडलमध्ये "खट" व्हायचं. आम्ही वरची चाचणी केली, कोनसेटवर बोट ठेवलं. विजापूर रोडवरच्या गॅरेजवाल्यानेही हात लावून मिनिटात तेच सांगितलं. पण काम घेतलं नाही. म्हणाला, "बाहेर खोललं की वॉरंटी जाते, आणि याचा पार्ट बाजारात येतच नाही." गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली आणि पार्टची वाट बघत १६ दिवस उभी राहिली. एवढे दिवस पोरगं काकाच्या जुन्या पेट्रोल गाडीवर फिरलं आणि कमाईतला मोठा भाग पंपावर घालून आलं. पेट्रोल वाचावं म्हणून हप्त्यावर घेतलेल्या गाडीचा हप्ता मात्र चालूच होता.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण हा प्रकार एकाच कंपनीपुरता नाही. आणि तक्रारी किती साचल्यात, ते सरकारी आकड्यांत दिसतं. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला इलेक्ट्रिकला नोटीस दिली. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर या एका कंपनीबद्दल १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. त्यातल्या ९९.१ टक्के सोडवल्या, असं कंपनीने नंतर कळवलं. त्याआधी मार्च २०२३ मध्ये, पुढचा फोर्क तुटल्याच्या तक्रारी सोशल मीडियावर गाजल्यावर, याच कंपनीने फोर्क मोफत बदलून द्यायचं जाहीर केलं होतं. सुरक्षेची भीती निराधार आहे, असंही तेव्हा म्हटलं होतं. म्हणजे फोनवर केलेले व्हिडिओ कंपनीला हलवू शकतात. पण प्रत्येक नटासाठी व्हायरल व्हावं लागणं ही काही व्यवस्था नव्हे.

कायदा कुठपर्यंत आलाय?

हा प्रश्न इलेक्ट्रिक गाड्यांच्या आधीचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला. मुद्दा हाच होता: सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देणं. कंपन्या अपिलात गेल्या, पण तत्त्व तेव्हाच कागदावर आलं.

मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने "दुरुस्ती निर्देशांका"चा अहवाल दिला. वस्तू किती सहज खोलता येते, पार्ट मिळतात का, माहिती दिली जाते का, यावर तिला गुण द्यायची ही कल्पना. पण हा अहवाल मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता आहे. ज्यावर तुम्ही ताशी ६० ने जाता, ती गाडी त्यात नाही.

माझ्या मते इथेच खरी गफलत आहे. आजची ई-स्कूटर म्हणजे चाकं लावलेला फोनच. त्यातले एरर कोड कंपनीचं सॉफ्टवेअरच वाचतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०२० मध्ये गाडी वायरलेसने पाठवते तो डेटाही मालकाला आणि त्याच्या गॅरेजला मिळावा, असा कौल दिला. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. त्यांचा मुद्दा सुरक्षेचा आहे आणि तो पोकळ नाही. बॅटरी पॅक कुणीही उघडू नये हे मीही वर लिहिलंय. पण बॅटरी बंद ठेवायला कोनसेट बंद ठेवावा लागत नाही. सीमा आखता येते: बॅटरी प्रशिक्षित माणसाकडे, यांत्रिक भाग आणि एरर कोडचा अर्थ सगळ्यांसाठी खुला.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

गाडी घ्यायच्या आधी शोरूममध्ये तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी मागा. कोनसेट, बेरिंग, शॉकअप, ब्रेक पॅड काउंटरवर विकत मिळतात का? बाहेर यांत्रिक काम केलं तर वॉरंटीचा नेमका कुठला भाग जातो, की सगळीच? पार्ट यायला उशीर झाला तर पर्यायी गाडी मिळते का?

गाडी आधीच घेतली असेल तर आवाजाचं रेकॉर्डिंग तारखेसह ठेवा. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉबकार्डवर "आवाज येतो" एवढंच लिहू देऊ नका. "ब्रेक मारल्यावर हँडलमध्ये खट, कोनसेट तपासणे" असं लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. दिवस वाढत गेले तर १९१५ वर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, म्हणजे स्कूटरवाल्याला फुकटच. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची आणि ती ई-जागृती पोर्टलवरून फोनवरूनही करता येते.

आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारून बघा, इलेक्ट्रिक गाडीचं काम शिकायला तो तयार आहे का. बरेच जण तयार असतात. त्यांना हवी असते पार्टची यादी आणि मॅन्युअल, आणि ती देणं कंपन्यांच्या हातात आहे.