बेडपॅन आणि डिग्री

12 मे आला की हॉस्पिटलाहॉस्पिटलांत गुलाब वाटतात. साहेब लोक भाषण ठोकतात : सिस्टर म्हणजे सेवा, सिस्टर म्हणजे त्याग, सिस्टर म्हणजे देवी. ज्याला पगार आणि हुद्दा द्यायचा नसतो त्याला इथं देव करतात. आम्हाला ही पूजा नको. हिशेब पायजे.

हिशेब जातीपासून सुरू होतो. रक्त, पू, गू, वार – सगळं या देशानं विटाळात टाकलं आणि विटाळ आमच्या हाताला बांधला. गावात बाळंतीण अडली की मांगवाड्यातली सुईण लागायची. नाळ कापायला तिचा हात चालायचा, तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. तिच्या बोटांत पिढ्यांचं ज्ञान होतं, पण त्याला कुणी ज्ञान म्हटलं नाही. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगात रोगी सांभाळता सांभाळता गेल्या. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्यांनी रोग्याला हात लावायचं काम मात्र दुसऱ्यावर ढकललं.

आता शिक्षणाचं बघू. बी.एस्सी. नर्सिंग 1946 साली दिल्लीत आणि वेल्लोरला सुरू झालं, मास्टर्स 1959 साली दिल्लीत. आज एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मनोरुग्ण, सामाजिक आरोग्य अशा शाखा. नाव ऐकून वाटतं, ही बाई आता वॉर्डातली तज्ज्ञ होणार. कसलं काय! डिग्री झाली की रस्ता कॉलेजकडं – ट्यूटर, लेक्चरर. सरकारी नोकरीतली शिडी बघा : अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. दर पायरीला पेशंट लांब, रजिस्टर जवळ.

अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाऊ या बाईनं 1954 साली रटगर्सला मनोरुग्णांच्या नर्ससाठी मास्टर्स कोर्स काढला. हेतू नेमका उलटा : जास्त शिकलेली नर्स पेशंटजवळच राहावी. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट म्हणतात ती हीच. अवघड पेशंट ती बघते, ड्युटीवरच्या नर्सांना तिथंच शिकवते, वॉर्डाची चुकीची रीत बदलायला लावते. आपल्याकडं नर्सिंग कौन्सिलनं 2016 च्या सुमारास आयसीयूसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा एम.एस्सी. कोर्स आणला. बरं केलं. पण कोर्स म्हणजे जागा नव्हे. वेतनश्रेणीत हुद्दा नसेल, निर्णयाचा हक्क कागदावर नसेल, तर ती डिग्री भिंतीवर टांगायची.

कुणी म्हणेल, बेडजवळ कसली आलीय स्पेशालिटी? केईएमकडं बघा. अरुणा शानबाग 1973 ते 2015, 42 वर्षं तिथं खाटेवर होत्या. नर्सांनी त्यांना बेडसोर होऊ दिला नाही. कूस कधी बदलायची, कातडी कुठं लाल होतेय, घास कसा द्यायचा की ठसका लागणार नाही – हे शास्त्र आहे. माया म्हणून त्याची बोळवण करू नका. आम्हा गोदीवाल्यांना हे लगेच कळतं. स्लिंग कुठं आवळायची हे ज्याला कळतं त्याला उचलून ऑफिसात बसवला, तर हुकाखालचा माणूस मरतो. त्याला जागेवरच ठेवा, पण कारागीर म्हणून, कारागिराच्या पगारावर.

आणि आमच्या पोरी कुठं अडतात? बी.एस्सी.चं दार बारावी सायन्सवाल्यांना. वस्तीतली पोर बारावी आर्ट्स, म्हणून जीएनएम, तीन वर्षं. मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन, एम.एस्सी. दोन. सात वर्षं शिक्षण, वर किमान वर्षभर नोकरीचा अनुभव. आमच्या चाळीतल्या एकीची ओरिजनल सर्टिफिकेटं एका खाजगी हॉस्पिटलानं बॉन्डच्या नावाखाली दाबून ठेवली. ती कसला फॉर्म भरणार?

आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, पोरींना नर्सिंगला घालू नका, पुन्हा तेच गूमूत. तोंड आपलं आहे, भाषा मनूची आहे. गटारात माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, ते बंदच झालं पायजे. पण आजारी माणसाचं अंग साफ करणं हे डॉक्टरच्या सुरीइतकंच मोलाचं काम आहे. पळून जाऊन विटाळ संपत नाही. त्या कामाला शास्त्राचा मान आणि पगार मिळाला की संपतो.

म्हणून मागायचं ते असं. एक, वॉर्डात क्लिनिकल स्पेशालिस्टची जागा, लेक्चररच्या पगाराची. दोन, नोकरी करणाऱ्या जीएनएम नर्सला एम.एस्सी.पर्यंत पगारी रजा. तीन, कौन्सिलचंच माप पाळा : शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटला एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचाला एक. एकटीवर अख्खा वॉर्ड टाकायचा आणि वर अभ्यास कर म्हणायचं, ही थट्टा आहे.

कविता लिहिणाऱ्यांनो, वॉर्डावर कविता नंतर लिहा. आधी नाईट ड्युटी संपवून बाहेर पडणाऱ्या पोरींशी बोला. मोर्चा निघेल तेव्हा त्या पुढं चालतील, आपण मागं. घोषणा त्या देतील, आपण घसा फोडायचा. जय भीम.