पोलादाचे क्रूस

यंत्र आले की पोलादी सांगाडे उभारणाऱ्या कामगाराचे दिवस भरले. निदान माणसे उंचावरून पडणार तरी नाहीत, असे समाधान मानणाऱ्यांना आम्हांला कॅनडातील कानावाके गावची दफनभूमी दाखवावीशी वाटते. मोहॉक या मूळ रहिवाशांच्या या गावात कॅथलिक श्रद्धा जुनी आहे. संत कटेरी टेकाक्विथा यांची समाधी तेथेच आहे. २९ ऑगस्ट १९०७ रोजी क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला. ७५ कामगार मरण पावले. त्यांतील ३३ मोहॉक होते. गावाने पोलादी तुळयांचेच क्रूस उभारून त्यांचे स्मरण केले.

चूक कोणाची होती? पुलाचा मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला गेला. वजनाचा हिशेब मात्र वेळेवर नव्याने मांडला गेला नाही. वाकू लागलेले पोलाद दिसले ते जागेवरच्या माणसांना. चुकीचा हिशेब यंत्राच्या हाती दिला, तर ते तोही निमूटपणे अमलात आणील!

पोलाद कापणे, भोके पाडणे, सांधणे ही कामे कारखान्यांत यंत्रे करू लागलीच आहेत. करोत बापडी! त्यांनी धोका जरूर पत्करावा; कामगाराची भाकरी हिरावू नये. भांडवल श्रमासाठी आहे, ही परमगुरू जॉन पॉल दुसरे यांची १९८१ ची शिकवण आपण श्रमिक संत योसेफ यांच्या सणाच्या प्रवचनापुरतीच ठेवणार काय? यंत्र घेणाऱ्या मालकाने कामगाराच्या नव्या प्रशिक्षणाचाही भार उचलावा, आणि ‘काम थांबवा’ म्हणण्याचा हक्क जागेवरच्या माणसाला मिळावा. एवढेही होणार नसेल, तर त्या प्रगतीला आमचा ‘आमेन’ नाही.